फिंटन गॅव्हिगन मैफलीला निघतो

गाणं ऐकणं वेगळं आणि गाणं ऐकायला जाणं वेगळं, हे फिंटन गॅव्हिगनला वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं. तोपर्यंत तो गाणं घरातच ऐकत असे. रविवारचं जेवण झालं की रेडिओ लावायचा, पाय स्टुलावर टाकायचे, डोळे मिटायचे आणि तिसऱ्या गाण्याला घोरायला लागायचं. यात त्याला काही कमी वाटत नव्हतं. क्लूनमोरच्या शाळेचा उपमुख्याध्यापक, त्यात भूगोलाचा शिक्षक. अशा माणसाने कलेवर याहून जास्त प्रेम केलं तर पालक काय म्हणतील, असाही एक मुद्दा होता.

कमी वाटत होतं ते त्याच्या बायकोला, अट्रॅक्टाला. दर जुलैमध्ये पश्चिम किनाऱ्यावर पोर्टनाकॅलीला कला महोत्सव भरतो. गल्लोगल्ली वाजवणारे, गाणारे, नाचणारे. दरवर्षी अट्रॅक्टा म्हणायची, "या वर्षी जाऊ या का रे?" आणि दरवर्षी फिंटनकडे कारण तयार असायचं. एका वर्षी छप्पर गळत होतं. एका वर्षी त्याची पाठ धरली होती. एका वर्षी पाऊस फार होता आणि एका वर्षी पाऊसच नव्हता, त्यामुळे बागेतलं गवत कापायचं होतं.

या वर्षी रेडिओवर बातमी आली की डीलिया रुएन पोर्टनाकॅलीला शेवटची जाहीर मैफल करणार. डीलियाबाईंचं वय एक्क्याऐंशी. त्यांच्या फिडलवर, म्हणजे गावरान व्हायोलिनवर, आख्खा मुलूख वाढला. फिंटन आणि अट्रॅक्टा पहिल्यांदा एकत्र नाचले तेही त्यांच्याच वाजवण्यावर. म्हणजे अट्रॅक्टा नाचली, फिंटन तिच्या पायांवर उभा होता.

अट्रॅक्टाने बातमी संपू दिली, रेडिओ बंद केला आणि म्हणाली, "मी जाणार आहे. तू येणार असशील तर ये."

"आणि नाही आलो तर?"

"तर मी बहिणीबरोबर जाईन. आणि ती सप्टेंबरात पोर्तुगालला चाललीय, मग तिकडेही जाईन. मग बघू."

हे तिने अगदी शांतपणे सांगितलं. फिंटन घाबरला तो त्या शांतपणाला. चिडलेल्या अट्रॅक्टाला कसं हाताळायचं हे त्याला चांगलं ठाऊक होतं. गप्प बसायचं आणि भांडी घासायची. शांत अट्रॅक्टाचा त्याला सराव नव्हता. त्यातून ते 'मग बघू'. त्याने त्याच दुपारी तिकिटं काढली. तिसरी रांग, मधल्या खुर्च्या, गादीवाल्या. ती तिकिटं त्याने आरशाच्या चौकटीत खोचून ठेवली, आणि येता-जाता त्यांच्याकडे असा बघायचा की जणू मैफल तोच करणार आहे.

राहायचं कुठे, हा प्रश्न त्याला नंतर सुचला. पोर्टनाकॅलीतली प्रत्येक खाट केव्हाच गेलेली होती. एका खाणावळवाल्या बाईने फोनवर त्याचं बोलणं नीट ऐकून घेतलं, पोट धरून हसली, आणि "थांबा हं, ह्यांनाही सांगा," म्हणून फोन नवऱ्याला दिला. मग तोही हसला.

इथे कुंपणापलीकडून मॅलकी ड्युइग्नन बोलला. मॅलकीला आयुष्यात एकच दुःख होतं: त्याने सल्ला द्यायच्या आत लोक निघून जात. पण फिंटन त्या वेळी गुलाबाच्या काट्यात बाही अडकून उभा होता, त्यामुळे जाऊ शकला नाही.

"कॅरॅव्हॅन घेऊन जा, चाकांवरची खोलीच ती," मॅलकी म्हणाला. "माझ्या मेव्हण्याची पडून आहे. गाडीला जोडायची की निघाला. हवं तिथे थांब, हवं तिथे झोप. हॉटेलवाल्यांच्या नाकावर टिच्चून!"

"चालू स्थितीत आहे का?"

"आहे की! मे महिन्यापर्यंत वापरात होती."

वापर कोण करत होतं ते मॅलकीने सांगितलं नाही. तो कोंबड्या करत होत्या. फिंटन आणि अट्रॅक्टा ती आणायला गेले तेव्हा एके काळी पिस्त्याच्या रंगाची असलेली ती कॅरॅव्हॅन मेव्हण्याच्या शेतात खाजऱ्या झुडपांत उभी होती, आणि आत पाऊल टाकल्याबरोबर अट्रॅक्टाने रुमाल नाकाला लावला.

"वास तेवढा राहिलाय," मेव्हणा म्हणाला. "वाऱ्यावर जाईल."

चार दिवस घासल्यावर तो थोडासा गेला. त्या चार दिवसांत आळीतल्या यच्चयावत माणसांनी दारात उभं राहून आपापलं मत दिलं. कोणी म्हणालं चाकं बदला, कोणी म्हणालं चाकांना हात लावू नका, तीच तेवढी चांगली आहेत. समोरच्या मिसेस फॅलन म्हणाल्या, "माझ्या मावसबहिणीचा नवरा असाच कॅरॅव्हॅन घेऊन गेला हो, कॉर्कला. परत आलाच नाही."

"अपघात?" फिंटनने दचकून विचारलं.

"अपघात कसला! दुसरी केली."

एवढ्यावर निभावलं असतं. पण फिंटन नियमाने चालणारा माणूस. एवढी मोठी वस्तू आपल्या गाडीने ओढायला आपलं लायसन्स चालतं का, हे विचारावं म्हणून त्याने सरकारी कचेरीत फोन केला. न विचारणारे हजारो लोक दरवर्षी सुखाने कॅरॅव्हॅन ओढतात, हे त्याला नंतर पुष्कळांनी सांगितलं. फोनवरच्या बाईंनी विचारलं, "वजन किती?"

"माझं?"

"कॅरॅव्हॅनचं, सर. पाटीवर लिहिलेलं असतं."

पाटीवरची अक्षरं कोंबड्यांनी टोचून टोचून काढली होती. तसं त्याने सांगितलं. बाई म्हणाल्या, "मग वजन करून आणा."

एवढी मोठी वस्तू तोलणारा काटा क्लूनमोरमध्ये एकच, गुरांच्या बाजारातला. फिंटन उपमुख्याध्यापकाचा कोट घालून, दोन बाजूंना बैल आणि मध्ये कॅरॅव्हॅन असा रांगेत उभा राहिला. आजूबाजूला शाळेतल्या निम्म्या मुलांचे बाप होते. सगळ्यांनी अदबीने टोप्या काढल्या आणि कोणी काही विचारलं नाही, हे जास्त लागलं. काट्यावरच्या माणसाने संगणकाकडे बघत विचारलं, "कानातला बिल्ला?"

"तिला कान नाहीत," फिंटन म्हणाला.

"ते मला दिसतंय, सर. पण हे यंत्र बिल्ल्याच्या नंबराशिवाय पुढे सरकत नाही." त्याने डोकं खाजवलं, शेजारच्या जनावराचा नंबर ठोकला, आणि पावती फाडून दिली. तिच्यावर वजन होतं आणि पुढे लिहिलं होतं: बैल, नर, रंग मळकट.

वजन नियमात बसत होतं. फिंटनने पावती जपून पाकिटात ठेवली. एक तरी कागद आपल्या बाजूने आहे, असं त्याला वाटलं.

मैफलीच्या दिवशी दुपारी दोघं निघाले. ऊन पडलं होतं, अट्रॅक्टाने निळा झगा घातला होता, मांडीवर सँडविचचा डबा होता आणि ती गुणगुणत होती. फिंटनला वाटलं, आपण हे याआधीच करायला हवं होतं. हे वाटणं पोर्टनाकॅलीच्या अलीकडे काही मैलांवर संपलं, कारण तिथून गाड्यांची रांग सुरू झाली होती.

रांग हलेना. एक आईस्क्रीमवाला रांगेतल्या रांगेत धंदा करून, आईस्क्रीम संपवून परत गेला. फिंटनने घड्याळ पाहिलं, मग मागच्या सीटवरून नकाशा काढला. फोनमधली बाई सांगते त्या वाटेने जाणं त्याला धंद्याशी बेइमानी वाटे. हा नकाशा तीस वर्षं वर्गाच्या भिंतीवर टांगलेला होता.

"हे बघ," त्याने बोट ठेवलं, "ही डावीकडची वाट. डोंगराला वळसा घालून थेट बंदरावर उतरते. या लोकांना कोणाला माहीत नाही."

"का माहीत नसेल?" अट्रॅक्टाने विचारलं.

हा प्रश्न चांगला होता. फिंटनने तो सोडून दिला आणि गाडी डावीकडे घातली.

वाट आधी अरुंद होती, मग आणखी अरुंद झाली. दोन्ही बाजूंना दगडी बांध, कुठे कमरेएवढे, तर वळणावर पुरुषभर उंच.

"फिंटन, रस्त्याच्या मधोमध गवत उगवलंय."

"म्हणजे रहदारी कमी आहे."

"फिंटन, त्या गवतात मेंढी बसलीय."

मेंढी उठली आणि फिंटनकडे दयेने बघून बाजूला झाली. त्याने आरशात पाहिलं तर त्याचा ऊर भरून आला. मागच्या रांगेतल्या कितीतरी गाड्या त्याच्या पाठोपाठ वळल्या होत्या. एवढी मोठी कॅरॅव्हॅन घेऊन एवढ्या ठामपणे वळणारा माणूस इथलाच असणार, असा त्यांचा समज झाला होता. आयुष्यात प्रथमच एवढे लोक त्याच्या भूगोलावर विश्वास ठेवून चालले होते.

पुढच्या वळणावर गाडी वळली, कॅरॅव्हॅन वळली नाही. आधी करकर असा आवाज आला, मग कुर्र असा, मग कसलाच नाही. डावी बाजू डाव्या बांधाला, उजवी उजव्या बांधाला. बाटलीत बूच बसावं तशी कॅरॅव्हॅन त्या वाटेत बसली. मागे गाड्यांची शेपटी, आणि शेपटीच्या शेवटी आणखी वळून येणाऱ्या गाड्या, त्यामुळे कोणालाच मागे जाता येईना.

लोक उतरले. आपल्याकडे अशा वेळी जे होतं तेच झालं. प्रत्येकाने कॅरॅव्हॅनभोवती जेवढं फिरता येईल तेवढं फिरून, चाकाला एकेक लाथ मारून "हं" म्हटलं. एकाने चाकांतली हवा काढायला सांगितलं, दुसऱ्याने बांधाला लोणी लावायला. तेवढ्यात बांधावरून उडी मारून एक पोलीस सार्जंट आला. गर्दीच्या बंदोबस्ताला तो खालच्या नाक्यावर होता. त्याने कॅरॅव्हॅनकडे पाहिलं, फिंटनकडे पाहिलं आणि टोपी काढली.

"गॅव्हिगन सर? तुम्ही?"

फिंटनने डोळे बारीक केले. "कोण, लॉर्कन टिअर्नी ना?"

"हो सर. तुम्ही मला भूगोलात नापास केलं होतं." सार्जंटने वाटेकडे पुढून मागून एकदा नीट पाहिलं. "नकाशा वाचता येत नाही म्हणून."

फिंटनने निमूटपणे कागदपत्रं दिली. त्यातली वजनाची पावती सार्जंटने दोनदा वाचली, कॅरॅव्हॅनकडे बघून पुन्हा एकदा वाचली आणि घडी घालून स्वतःच्या खिशात ठेवली. मग वरच्या शेतातल्या पॅकी जो नावाच्या शेतकऱ्याला ट्रॅक्टर घेऊन बोलवायला गेला.

एवढ्यात मागच्या मिनीबसमधून एक बुटकी म्हातारी उतरली. हातात फिडलची पेटी आणि चेहऱ्यावर आठ्या. अट्रॅक्टाने फिंटनचा दंड असा पकडला की बोटं उमटली.

"फिंटन! डीलिया रुएन!"

"कुठल्या गाढवाने अडकवलंय हे?" डीलियाबाईंनी विचारलं.

लोकांनी सौजन्याने गाढव दाखवलं.

"बाई, मी... आमच्याकडे तुमच्याच मैफलीची तिकिटं आहेत," फिंटन म्हणाला. "तिसरी रांग."

"मग काळजी नको. पहिल्या दोन रांगा तुझ्यामागेच अडकल्यात. आणि हे बघ बाबा, मला मघापासून लागलीय. त्या खोक्यात संडास आहे का?"

संडास होता. फिंटनने स्वतःच्या हाताने घासला होता. एवढ्या मोठ्या कलावंताची सेवा करून झालेली नाचक्की धुऊन काढायची संधी समोर उभी होती. पण दार बांधाला चिकटलेलं. तेव्हा आतून पुढची खिडकी नीट उघडून, खाली स्टूल ठेवून बाईंना मानाने आत घ्यावं, असा बेत त्याने केला. सार्जंटने जाण्याआधी गाडी सोडवून पुढे लावलीच होती. फिंटन जोडदांड्यावर चढला, खिडकीतून आधी डोकं, मग पोट, आणि बऱ्याच वेळाने बाकीचा, असा आत पडला. त्याच्या पडण्याने कॅरॅव्हॅन हलली, एक चाक चरात गेलं, सगळा सांगाडा तिरका झाला आणि खिडकीची चौकट मागच्या मागे आवळून बसली. कागद जाईल एवढीच फट उरली.

"फिंटन?" बाहेरून अट्रॅक्टा.

"मी ठीक आहे. डीलियाबाईंना म्हणावं एक मिनिट."

"त्या गेल्या."

"कुठे?"

"बांधापलीकडे. म्हणाल्या, या मुलखातलं एकही शेत मी सोडलेलं नाही, आज काय नवीन."

म्हणजे तो उगीचच अडकला होता. फिंटन तिरक्या पलंगावर तिरका बसला. एका खिडकीतून वीतभर अंतरावर शेवाळलेला दगड दिसत होता. दुसऱ्या खिडकीतून दुसरा दगड. तेवढ्यात पलंगाखालून "क्वॉक" असा बाहेरपर्यंत ऐकू जाणारा आवाज आला आणि एक तांबडी कोंबडी बाहेर आली. ती इतके दिवस कुठे होती, घासताना का सापडली नाही, ही चौकशी करायचं त्राण फिंटनला उरलं नव्हतं. ती त्याच्या शेजारी येऊन बसली. या प्रवासात त्याच्यावर न रागावलेली ती एकटीच होती.

बाहेर मात्र मजा चालली होती. मिनीबसमधल्या वाजवणाऱ्यांनी हात गार पडू नयेत म्हणून वाद्यं काढली. कोणी ॲकॉर्डियनवर दोन सूर काढले, कोणी बासरी लावली. डीलियाबाई परत आल्या, बांधावर बसल्या आणि त्यांनी पेटी उघडली. तोच महोत्सवाची एक कार्यकर्ती सायकलवरून धापा टाकत पोचली. गळ्यात ओळखपत्र, हातात वॉकीटॉकी.

"इथे वाजवता येणार नाही!" ती ओरडली. "या जागेचा विमा नाही! सार्वजनिक रस्त्यावर कार्यक्रमाला परवानगी लागते."

"कार्यक्रम कोण करतंय?" डीलियाबाई म्हणाल्या. "मी फिडल लावतेय."

"हे लावणं आहे?"

"मी सावकाश लावते, बाळ. माझं वय झालं."

आणि त्या जे लावायला लागल्या त्याने पहिल्या फटक्यात दोनशे पाय हलायला लागले. कार्यकर्ती वॉकीटॉकीत "अजून लावणंच चाललंय" असं सांगत राहिली, आणि थोड्या वेळाने तीही बांधावर बसली. पोल्का झाले, रील झाले, असे भराभर नाच झाले. फिंटनला आतून फक्त ऐकू येत होतं. त्यात अट्रॅक्टाचं हसणं ओळखू येत होतं. असं मोकळं हसताना त्याने तिला कितीतरी वर्षांत ऐकलं नव्हतं, आणि आता ती हसत होती तेव्हा तो एका कोंबडीबरोबर खोक्यात होता.

मग डीलियाबाईंनी एक संथ सूर धरला. गडबड आपोआप थांबली. तो सूर त्या दगडांवरून, गवतावरून असा सरकत आला की कॅरॅव्हॅनच्या पातळ पत्र्यातून आत येऊन फिंटनच्या छातीवर बसला. रेडिओवर हाच सूर त्याने शंभरदा ऐकला असेल; पण पाय स्टुलावर टाकून. आता त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. इथे बघायला कोणी नाही म्हणून त्याने ते येऊ दिलं. कोंबडी बघत होती, पण तिचा शाळेशी संबंध नव्हता.

सूर संपला. मग डीलियाबाई म्हणाल्या, "आता त्या खोक्यातल्याने काहीतरी म्हणावं."

"मी?" आतून आवाज आला.

"तू नाही तर काय कोंबडी? इथे प्रत्येकाने काहीतरी दिलं. तू नुसता रस्ता अडवलास."

लोक पत्रा बडवायला लागले. "खोका! खोका!" फिंटन गेल्या तीस वर्षांत चर्चमध्येसुद्धा फक्त ओठ हलवत आला होता. समोर माणसं असती तर ब्रह्मदेवाच्या बापालाही त्याच्याकडून गाऊन घेता आलं नसतं. पण समोर दगड होता. त्याने डोळे मिटले आणि आई चुलीपाशी म्हणायची ते गाणं सुरू केलं. बेटावरच्या एका बाईचं, जी संध्याकाळी धक्क्यावर येऊन नवऱ्याची होडी येतेय का बघते. पहिली ओळ घोगरी आली. दुसरी जरा बरी. तिसऱ्या कडव्याला त्याचा आवाज असा लागला की त्याचं त्यालाच नवल वाटलं. कोण बरं हे गातंय? डीलियाबाईंनी खालून हलकेच फिडल धरली. मधेच पॅकी जोचा ट्रॅक्टर धडधडत आला तेव्हा पाच-पन्नास जणांनी त्याला एकदम "शूऽऽ" केलं. त्याने बिचाऱ्याने इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर हनुवटी टेकून तोही ऐकत बसला.

गाणं संपल्यावर टाळ्या पडल्या त्या पडल्याच. पण फिंटनला ऐकू आली ती पत्र्यावरची हलकी टकटक. अट्रॅक्टा फटीला तोंड लावून उभी होती.

"फिंटन, हा आवाज कुठे ठेवला होतास इतकी वर्षं?"

"कोणी विचारलं नाही," तो म्हणाला.

"मी विचारतेय," ती म्हणाली.

यानंतर पॅकी जोने साखळी लावली आणि ओढलं. सगळे मिळून मागून रेटत होते. कॅरॅव्हॅन निघाली, पण सगळी नाही. डाव्या बाजूची आख्खी भिंत, खिडकी, दार आणि दारातल्या "सुस्वागतम" अशा पायपुसण्यासकट बांधाला चिकटून मागे राहिली. आणि मुलखातल्या एवढ्या लोकांसमोर, पडदा वर जावा तसा, पलंगावर कोंबडी मांडीवर घेऊन बसलेला, डोळे लाल झालेला उपमुख्याध्यापक प्रगट झाला.

भिंत गेल्यावर छप्पर झुकायला लागलं. फिंटनने उठून दोन्ही हातांनी ते धरलं.

"सोडू नका!" पॅकी जो ओरडला. "सोडलं तर सगळं रस्त्यावर येईल आणि मग ही वाट उद्यापर्यंत मोकळी होत नाही. बंदरापर्यंत तसंच धरून बसा. ओढतो मी."

"ओढत्या कॅरॅव्हॅनमध्ये माणूस बसवायला बंदी आहे," फिंटन वर हात केलेल्या अवस्थेत म्हणाला. एवढं होऊनही नियम त्याच्या तोंडातून सुटलाच.

सार्जंट टिअर्नीने खिशातून पावती काढली. "सर, कागदावर हा बैल आहे. बैलात माणूस बसवायला बंदी असल्याचं माझ्या तरी वाचनात नाही."

एकट्याने छप्पर पेलवेना, तेव्हा अट्रॅक्टा निळा झगा सावरत वर चढली आणि तिने दुसरा कोपरा धरला. त्यांची गाडी एका बासरीवाल्याने घेतली. ट्रॅक्टर निघाला, मागे तीन भिंतींच्या घरात छप्पर हातांवर तोलून धरलेलं जोडपं, त्यामागे मिनीबसच्या छतावर वाजवणारी मंडळी, आणि त्यामागे सगळी शेपटी. अशी ती वरात पोर्टनाकॅलीत शिरली.

गावात महोत्सवाची मिरवणूक ऐन रंगात आली होती, हे यांना कोणी सांगितलं नव्हतं. चौकात पिवळ्या पट्ट्यावाल्या स्वयंसेवकाने ट्रॅक्टर पाहिला, यादी बघायचा कंटाळा केला, आणि हात करून त्यांना कागदी राक्षसी मासा आणि ढोलवाल्यांच्या मधल्या जागेत घुसवलं. दोन्ही बाजूंना माणसांची भिंत. आधी लोक हसले. मग हळूहळू हसणं थांबलं. लोक एकमेकांना कोपराने ढोसायला लागले.

"हा देखावा घरांच्या टंचाईवर आहे," एक जण म्हणाला.

"अगदी बरोबर दाखवलंय," एक आजी डोळे पुसत म्हणाल्या. "आमची नात डब्लिनमध्ये अशीच राहते. फक्त इथे एक भिंत जास्त आहे."

टाळ्या सुरू झाल्या. कोणीतरी "शाब्बास!" ओरडलं. फिंटन ओठ न हलवता म्हणाला, "अट्रॅक्टा, आपण यात नाही हे यांना सांग."

"तू सांग. माझे हात गुंतलेत."

"माझेही गुंतलेत! अगं, मी उपमुख्याध्यापक आहे!"

"ते दिसत नाहीये," अट्रॅक्टा म्हणाली.

मिरवणूक धक्क्यापाशी थांबली. मोठ्या चष्म्याची, रेडिओवरची एक बाई माईक घेऊन वर चढली. तिचा आवाज भरून आला होता. "अप्रतिम! दोघांच्या चेहऱ्यावरची ती असहायता... आणि ती कोंबडी! मला सांगा, कोंबडीतून तुम्हाला काय सुचवायचं आहे?"

"कोंबडीतून काही नाही," फिंटन म्हणाला. "बाई, मला फक्त गाणं ऐकायचं होतं."

बाईंनी डोळे मिटले. "'मला फक्त गाणं ऐकायचं होतं.' सामान्य माणसाची केवढी साधी मागणी! आणि तुम्ही, मॅडम? तुम्ही या कलाकृतीकडे कशा वळलात?"

अट्रॅक्टाने हातांवरचं छप्पर जरा सावरलं. "मी?" ती म्हणाली. "मी इतकी वर्षं ह्याला सांगतेय की बाबा, जरा घराबाहेर पडू या. शेवटी पडला एकदाचा. पण घर घेऊन!"

पहिल्यांदा हसल्या त्या डीलियाबाई. मिनीबसच्या छतावरून, घोड्यासारख्या. मग आख्खा धक्का. फिंटनने आपला मान सांभाळायचा खरोखर प्रयत्न केला. ओठ आवळले, छपराकडे बघितलं, शाळेच्या गव्हर्निंग बॉडीची आठवण काढली. पण आत कुठेतरी काहीतरी सुटलं आणि तो हसायला लागला. हसता हसता कोपरं ढिली पडली, अट्रॅक्टाचीही पडली, आणि ते हलकं पत्र्याचं छप्पर सावकाश, अगदी अदबीने, रेडिओवाल्या बाईंसकट तिघांवर येऊन बसलं.

लोकांना वाटलं, शेवट असाच बसवलाय. टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. छपराखालून आधी कोंबडी बाहेर आली, पंख झाडून धक्क्याकडे चालायला लागली. मग माईक बाहेर आला. आणि तो चालूच असल्यामुळे आख्ख्या पश्चिम किनाऱ्याने घरबसल्या ऐकलं:

"फिंटन, लागलं का रे?"

"नाही. तुला?"

"नाही. तो हात तसाच राहू दे. अशी घाई काय आहे बाहेर जायची?"